ए आणि बी यांची एकशे बारा पत्रं

४ जानेवारी

गाईडबाईंनी सांगितलंय, प्रकल्पाची एक वही ठेवा. रोज लिहायला नको, पण जे ठरवाल ते आणि जे खटकेल ते लिहून ठेवा. उद्या परीक्षकाने विचारलं की हे असं का केलंत, तर थापा मारायची वेळ येऊ नये. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता माझी. ही कोणाला दाखवायची नाहीये, म्हणून मराठीत लिहितेय.

शाळेने दोन वर्षांची अभ्यासरजा दिलीय, त्यातलं हे दुसरं वर्ष. विषय इंग्रजीचं फंक्शनल ग्रामर. शाळेत मी नाम, क्रियापद, विशेषण असं शिकवायचे. इथे विद्यापीठात पहिल्याच तासाला गाईडबाई म्हणाल्या, "वाक्य कशाचं बनलंय ते राहू द्या. ते काय काम करतंय ते सांगा." मी सतरा वर्षं काय शिकवलं असा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. गेली दोन वर्षं मला फारसं काही वाटतच नाही. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी रक्त तपासायला लावलं. लोह कमी निघालं.

सोमवारपर्यंत डेटा ठरवायचा आहे. खऱ्या माणसांनी खऱ्या कामासाठी लिहिलेलं इंग्रजी हवं. वर्गातले पोस्टमास्तर (निवृत्त आहेत, वय बासष्ट, हौस म्हणून एम. ए. करतायत) औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना घेणार आहेत. मला काही सुचत नाहीये.

७ जानेवारी

डेटा मिळाला. घरातच होता.

दोन वर्षांपूर्वी नवरा आणि मी वेगळे झालो तेव्हा दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सांगितलं होतं, यापुढे एकमेकांशी बोलायचं ते लेखी आणि इंग्रजीत. म्हणजे लागलं तर कोर्टात भाषांतराची भानगड नको. तेव्हापासून तो तिकडच्या गावाहून ईमेल करतो, मी इकडून करते. सगळं छापून फाईलला लावलेलं आहे. त्याची अठ्ठावन्न, माझी चोपन्न. एकशे बारा पत्रं, तारखांसकट, व्याकरण शुद्ध. असा स्वच्छ डेटा कोणाला मिळतो?

गाईडबाईंना म्हटलं, ओळखीतल्या एका जोडप्याची पत्रं आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघांची लेखी संमती लागेल."

"मिळेल," मी म्हटलं.

"आणि नावं काढून टाका."

घरी येऊन नावं काढली. तो ए, मी बी, मुलगी म्हणजे 'मूल'. संगणकाला एकदा सांगितलं की एका दमात सगळीकडे बदलतं. चार मिनिटं लागली.

१३ जानेवारी

पद्धत लिहून ठेवते. पत्राची वाक्यं सुटी करायची. प्रत्येक वाक्याला तक्त्यात एक ओळ. ओळीसमोर त्या वाक्याचं काम लिहायचं. कामं चारच: माहिती देणं, माहिती विचारणं, काही देऊ करणं, काही करायला सांगणं. शेवटच्या रकान्यात समोरच्याने त्याला प्रतिसाद दिला की नाही ते.

आज एकोणीस पत्रं झाली. नमुना म्हणून, मराठीत सांगायचं तर: 'गुडघा आता कसा आहे?' विचारणं. प्रतिसाद नाही. 'मूल अजून दिवा लावूनच झोपतं का?' विचारणं. प्रतिसाद नाही. 'शाळेची फी भरली आहे, पावती जोडली आहे.' माहिती देणं. ही बीची. बीची वाक्यं सोपी जातात, सगळी एका साच्यातली. ए जरा घोळ घालतो.

लेक बाजूला येऊन बसली होती. तेरा पूर्ण झालीय, नववीत जाईल. "आई, हे काय करतेस?" म्हणाली. तिला म्हटलं, जेवण गरम कर. थोड्या वेळाने म्हणाली, "कंटाळा नाही येत तुला?" तिला म्हटलं, उद्याचं दप्तर भरून ठेव. ती उठून गेली. हल्ली बरीच शहाणी झालीय, फार मागे लागत नाही.

२१ जानेवारी

वकिलाकडे गेले होते. सुनावणी चौदा मार्चला आहे. लेक कोणाकडे राहणार ते त्या दिवशी ठरेल. त्याने वर्षभरासाठी तिला मागितलंय, तिकडच्या शाळेत घालणार म्हणे. न्यायाधीशबाई लेकीला आपल्या खोलीत एकटीला बोलावून विचारतील.

वकिलाने माझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. त्यात सातव्या क्रमांकावर आहे की मुलीच्या वडिलांनी स्वतःहून घर सोडलं आणि त्यानंतर आम्हा दोघींना सोबत राहण्यासाठी एकदाही बोलावलं नाही. हे मी आधीपासून सगळ्यांना सांगत आलेय. माझ्या आईला, मुख्याध्यापकांना, लेकीला. वकील म्हणाला, "हाच आपला हुकमी मुद्दा." मी सही केली.

लेक जाऊ नये असं मला वाटतं. हे लिहून ठेवते, कारण कोणी विचारलं तर चेहऱ्यावरून कळणार नाही. ती गेली तर घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

त्याच्या पत्रांबद्दल वकिलाचा नियम मी दोन वर्षं पाळलाय. "प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत. जेवढी माहिती देणं बंधनकारक आहे तेवढीच द्यायची. उत्तर म्हणजे समोरच्याच्या हातात कोलीत." मला ते जड गेलं नाही. उलट बरंच वाटलं.

३ फेब्रुवारी

तक्ता पुरा झाला. दोन हजार तीनशे सहा ओळी. पाठीचा काटा ढिला झालाय. गाईडबाई म्हणाल्या, छान, पण एकट्याच्या नजरेवर विश्वास ठेवायचा नसतो. यातली चाळीस पत्रं दुसऱ्या कोणाला तरी द्या, तुमचा तक्ता न दाखवता. त्यांनी स्वतंत्र कोडिंग करायचं, म्हणजे वाक्यांची कामं ठरवायची, मग दोन्ही ताडून बघायचं.

पोस्टमास्तर लगेच तयार झाले. म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, एकही उघडलं नाही. आता विद्यापीठाच्या परवानगीने उघडतो."

१० फेब्रुवारी

आज कॅन्टीनमध्ये दोन्ही तक्ते ताडले. शंभरात सत्त्याण्णव ओळी जुळल्या. गाईडबाई अशा आकड्यांवर खूश होतात. मी कागद गोळा करायला लागले तर पोस्टमास्तर चहाचा कप फिरवत बसून राहिले.

"बाई, एक विचारू? अभ्यासाचं नाही."

"विचारा."

"ही बी कोण आहे, तुमच्या ओळखीची?"

म्हटलं, नाव सांगता येत नाही.

"नाव नको. पण काय बाई आहे हो. मी बाईच धरली, चूकभूल द्यावी घ्यावी. या चाळीस पत्रांत एने त्रेपन्न प्रश्न विचारलेत. मोजलेत मी. तिने त्यातल्या तीनच प्रश्नांना उत्तर दिलंय, तेही फीबद्दलच्या. आधी मला वाटलं पत्रं पोचत नसतील. आमच्या धंद्यातली शंका. पण पोचतायत, कारण दुसऱ्या दिवशी हिचं पत्र हजर. मग वाटलं आजारी असेल बिचारी." त्यांनी चहा संपवला. "आणि चार वेळा तो बोलावतोय. 'दोघंही याल का? घर तरी बघून जा.' चार वेळा, बाई. पाचव्यांदा मी स्वतःच हो म्हणून कळवलं असतं."

मी म्हटलं, कोडिंग करताना आपण बाजू घ्यायची नसते.

"ते खरं," ते म्हणाले. "म्हणून तर तक्त्यात काही लिहिलं नाही. तुम्हाला सांगितलं."

११ फेब्रुवारी

लेक शाळेत गेल्यावर पूर्ण तक्ता उघडला. बोलावणं चार वेळा नाही, नऊ वेळा आहे. पहिलं तो गेल्यानंतर अकराव्या दिवशी. शेवटचं गेल्या ऑगस्टमध्ये. एकात त्याने लिहिलंय की शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिकडे इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, मी तुझ्यासाठी अर्ज आणून ठेवू का. या नऊही ओळींसमोर माझ्या हातचा कोड आहे: देऊ करणं. प्रतिसाद नाही. नऊही ठिकाणी कोड बरोबर आहे. पोस्टमास्तरांशी तंतोतंत जुळतो.

म्हणजे ही वाक्यं मी निदान दोनदा वाचलीत. एकदा पत्र आलं तेव्हा, एकदा गेल्या महिन्यात. आणि त्याच महिन्यात सही केली की त्याने एकदाही बोलावलं नाही. मी खोटं बोलले असं मला वाटत नाहीये. मला खरोखरच तसं आठवत होतं. आत्ताही डोळे मिटले की तो बॅग घेऊन निघालाय आणि मागे वळून काहीही म्हणत नाहीये, एवढंच दिसतं.

वाईट वाटायची वाट बघत बसले. मग भांडी घासली, कपडे वाळत घातले.

१८ फेब्रुवारी

वकिलाला विचारलं, प्रतिज्ञापत्रातला सातवा मुद्दा काढता येईल का? त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "का? काय झालं?"

म्हटलं, त्याने बोलावलं होतं. नऊ वेळा. पत्रात आहे.

"त्यांनी ती पत्रं दाखल केलेली नाहीत."

"का नाही केली?"

"मला काय माहीत? त्यांचा गाढवपणा. आपल्याला फायदा." मग तो जरा मऊ झाला. "हे बघा, मुलगी पाहिजे ना तुम्हाला? मग हे मनातच ठेवा. मुलीला काय माहीत आहे?"

"मी जे सांगितलं ते."

"झालं तर मग. न्यायाधीश विचारतील, ती तेच सांगेल."

जिना उतरताना हिशोब सरळ होता. गप्प बसले तर लेक माझ्याकडे राहते. बोलले तर जाईल, बहुतेक. दोन जिने उतरेपर्यंत गप्प बसायचं असंच ठरलं होतं. घरी आल्यावर लेकीने दार उघडलं आणि "वकीलकाका काय म्हणाले?" असं विचारलं. मी चपला काढल्या आणि तिला म्हटलं, दूध आणलंस का? तिने "हो" म्हटलं आणि आत गेली. मी तिथेच स्टुलावर बसले. तिचा प्रश्न आणि माझं वाक्य, तक्त्यात भरल्यासारखं डोळ्यांसमोर आलं. तिचेही असे किती झाले असतील, त्याची तर फाईलसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी

गाईडबाईंनी संमतीपत्रं मागितली. बीचं मी पुढे केलं. सही बघून त्यांनी ते फाईलला लावलं.

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?" मी विचारलं.

"मला बाराव्या पत्राला कळलं होतं. शाळेच्या वह्यांबद्दल एवढं कोण लिहितं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. चूक माझीही आहे. पण तुमचा तक्ता इतका सुरेख होता, मला मोह झाला. आता एची सही आणा. नाही मिळाली तर हा डेटा टाकून द्यायचा आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात."

"आणि मिळाली तर?"

"मिळाली तर प्रकल्प होईल. बाकीचं मला विचारू नका, बाई, मी व्याकरणाची आहे."

संध्याकाळी त्याला लिहिलं. संमतीपत्र जोडलं, अभ्यास कशाचा ते दोन ओळींत सांगितलं, परवानगी देशील का असं विचारलं. पाठवल्यावर लक्षात आलं, दोन वर्षांत मी त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट. तीही छापील नमुन्यातली.

२६ फेब्रुवारी

त्याचं उत्तर आलं. सही केलेलं संमतीपत्र आणि एकच ओळ: सही करून जोडलं आहे.

त्याच्याकडून आलेलं, प्रश्न नसलेलं हे पहिलंच पत्र. मी खाली सरकवून पाहिलं, आणखी काही असेल म्हणून. नव्हतं. रात्री पुन्हा उघडून पाहिलं. लोहाच्या गोळ्या घेतल्या.

७ मार्च

आज शाळेला सुट्टी. काल विद्यापीठात पत्रं पुन्हा छापली. ए आणि बी काढले, नावं परत घातली. सकाळी लेकीला फाईल दिली. "हे वाच. तुला इंग्रजी येतं. अडलं तर मला विचार."

ती खोलीत गेली. मी बाहेर भाजी निवडत बसले, मग निवडलेलीच पुन्हा निवडली. तिने काही विचारलं नाही. साडेअकराला आत गेली होती, अडीचला बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं.

"तू म्हणालीस त्यांनी बोलावलंच नाही."

"हो."

"मग हे काय आहे?"

"बोलावलं होतं."

"म्हणजे तू खोटं सांगितलंस."

"मला तसंच आठवत होतं," मी म्हटलं. हे बोलताना ते किती पोकळ वाटतं ते ऐकू आलं, पण दुसरं काही खरं नव्हतं. "मी पत्रं वाचायचे आणि फाईलला लावायचे."

"त्यांनी विचारलंय मी अजून दिवा लावून झोपते का. तू सांगितलंच नाहीस."

"नाही सांगितलं."

"दोन वर्षं मी बाबांशी फोनवर नीट बोलले नाही, आई. मला वाटायचं, आपण त्यांना नको आहोत. ते विचारायचे आणि मी हं हं करायचे. तुझ्यासारखी." ती फाईल टेबलावर ठेवून उभी राहिली. "हे मला आत्ता का दाखवलंस? अजून आठवड्याने दाखवलं असतंस तर मी तुझ्याकडेच राहिले असते."

"म्हणूनच," मी म्हटलं.

तिने चपला घातल्या. मग मैत्रिणीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, जा. किती वाजता येशील हे विचारायचं राहिलं.

१४ मार्च

कोर्टात मी आधी सातवा मुद्दा मागे घेतला. वकिलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटात पाणी ओतलं. लेक आत वीस मिनिटं होती. आम्ही दोघं बाहेर बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दोन वर्षांत समोरासमोर पहिल्यांदाच. केस पुष्कळ पांढरे झालेत त्याचे.

"पत्रं कोर्टात का नाही दिलीस?" मी विचारलं.

"तुला लिहिली होती," तो म्हणाला. "कोर्टाला नव्हती."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला.

एक वर्ष वडिलांकडे. नंतर मुलीला पुन्हा विचारण्यात येईल. लेकीने आत काय सांगितलं ते आम्हाला सांगितलं नाही, कागदावर तिची इच्छा एवढंच लिहिलंय. मी सही केली. माझा हात अगदी स्थिर होता. लेकीचा बाप बघत होता, मला त्या स्थिरपणाची लाज वाटली.

२३ मार्च

गाईडबाईंनी प्रकल्प मंजूर केला. पोस्टमास्तरांनी पेढ्यांऐवजी दोन पेनं दिली. त्यांना अजून माहीत नाही. सांगावं असं वाटलं, सांगितलं नाही.

घरात खोकी आहेत. लेक एकेक वस्तू हातात घेऊन विचारते, हे नेऊ? मी प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हणते. न चुकता.

२९ मार्च

तो सकाळी घ्यायला आला. आत ये म्हटलं, आला, पाणी प्यायला. सामान खाली नेलं. बसस्टँडवर मी पण गेले. बस सुटायला पाच मिनिटं असताना लेक खिडकीतून म्हणाली, "फोन कोणी करायचा? मी की तू?"

मी म्हटलं, "बघू."

तिने मान हलवली. रागावली नाही. माझ्याकडून तेवढंच येणार हे तिला ठाऊक असल्यासारखी. बस वळली आणि गेली. मी चालत घरी आले, कुलूप काढलं, तिच्या खोलीतला पंखा चालू राहिला होता तो बंद केला. आणि तिथे, बटणावर हात असतानाच, मी भिंतीला धरून खाली बसले. बघू. पोटच्या पोरीला मी बघू म्हटलं.

संध्याकाळी सहाला फोन लावला. त्याने उचलला.

"झोपलीय," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर. अजून दोन तास आहेत. काही सांगायचंय का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "विचारायचं होतं."

"काय?"

मला किती तरी विचारायचं होतं. तिने काही खाल्लं का, खिडकीची जागा मिळाली का, घरात तिचा पलंग कुठे ठेवलाय, तू कसा आहेस. तोंड उघडलं आणि नुसतं रडू आलं. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं, हुंदक्यांनी, मला थांबवता येईना. तिकडे बसचा आवाज येत होता. बराच वेळ त्याने काही विचारलं नाही, आणि फोनही ठेवला नाही.